ताहेराआपाची मिठाची कॉफी

“...आणि तेही चिमूटभर नाही, चांगलं चमचाभर!” तय्यबानं रिकामा कप नवऱ्याच्या नाकासमोर धरला. “तळाशी अजून कण दिसतायत. चाटून बघा. बघा ना! समुद्राचं पाणी परवडलं.”

“मी कशाला चाटू?” नसरुद्दीन मागे सरकला. “कॉफी केली कुणी? आपानं. मग तिला बोल. मला काय कप दाखवतेस?”

“त्यांना काय बोलणार? बघा कशा बसल्यात. घराला आग लागली तरी या आधी मासा धुऊन घेतील!”

ज्या आपाबद्दल हे चाललं होतं ती ताहेरुन्निसा, नसरुद्दीनची थोरली विधवा बहीण, अंगणातल्या नळापाशी पाटावर बसून हामूर साफ करत होती. माशाचे खवले उडून तिच्या बाह्यांवर बसले होते. तिनं मान वर केली नाही. हसू आवरायचं तर मान खालीच ठेवणं बरं होतं.

पाहुणे उठून नुकतेच गेले होते. पाहुणे म्हणजे दोनच: दोह्यातल्या त्यांच्या गल्लीच्या टोकाचा तुर्की पाववाला वली उस्ता आणि त्याची थोरली बहीण नफिसा. शुक्रवार होता, जुम्म्याची नमाज झाली होती, आणि वली उस्ता इस्त्रीचा सदरा घालून ताहेरुन्निसाला मागणी घालायला आला होता. तिनं सगळ्यांना कॉफी दिली. बाकीच्यांची गोड होती. ज्यानं मागणी घातली त्याच्या एकट्याच्या कपात मीठ होतं.

“नको होता तर तोंडानं नको म्हणायचं,” तय्यबा म्हणाली. “आपल्यात स्थळ आलं की तोंड गोड करतात. नसलं पसंत, तरी सरबत पाजून वाटेला लावतात. मीठ घालून कुणी माणसाला हाकलतं? उद्या पाव आणायला कुठल्या तोंडानं जाऊ मी?”

“हाकलला ते उत्तम झालं,” नसरुद्दीन म्हणाला. “दाभोळात काय सांगू मी? मुकादमांची मुलगी पाववाल्याला दिली? आणि तोही तुर्की?”

“मुलगी! चाळिशी उलटली त्यांची.”

“मग या वयात निकाह शोभतो का?”

“तुम्हाला शोभेची पडलीय की भाकरीची? आपा गेल्या तर तुमची तांदळाची भाकरी कोण थापणार, हेच ना?”

हे जरा वर्मी लागलं. नसरुद्दीननं चष्मा काढून पुसला आणि परत घातला. “तुझा तरी जीव कशासाठी तुटतोय एवढा? तुला ती घरातून जायला हवीय. सरळ सांग की.”

“हो, हवीय!” तय्यबानं कप खाली आदळला. “सहा वर्षं झाली. माझ्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी कुठे आहे ते मला त्यांना विचारावं लागतं. पण म्हणून मी त्यांना दुसऱ्याच्या बाळंतिणीच्या उशाशी नेऊन टाकत नव्हते. त्यांच्या स्वतःच्या घरात पाठवत होते. तुम्ही तर बोटीत चढवायला निघालात.”

“चढवणारच. दाभोळहून मजीदभाईचा निरोप आलाय. त्याच्या सुनेचे दिवस भरत आलेत. मी ऑफिसात बोलून ठेवलंय, पुढच्या बोटीला आपा मुंबईला आणि तिथून दाभोळला. खलास.”

ताहेरुन्निसानं हामूरचं पोट चिरलं. भाऊ आणि भावजय तिच्यावरून भांडत होते, तिच्यादेखत, चढ्या आवाजात. आणि दोघांपैकी एकालाही तिला विचारायचं सुचत नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. सवयीचं होतं ते.

खाडीकाठच्या दाभोळची ती. सोळाव्या वर्षी हर्णैला दिली. नवरा बोटीवर आगवाला होता; भट्टीत कोळसा ओढून ओढून त्याच्या पापण्यासुद्धा काळ्या झालेल्या. वर्षातून एकदा यायचा, खजूर आणायचा, दोन महिने झोपून काढायचा आणि जायचा. पुढे एडनला तापानं गेला. पोर नव्हतं. सासरच्यांनी तिची पत्र्याची ट्रंक सन्मानानं माहेरी पोचवली आणि तेव्हापासून ती ट्रंक कुठल्या ना कुठल्या पलंगाखाली होती. दाभोळच्या भावाच्या, मजीदच्या बायकोची बाळंतपणं झाली, मग माझगावात चुलत्याचं आजारपण, मग परत दाभोळ. ती कुठे राहायला म्हणून गेलीच नाही. तिला नेहमी बोलावून नेण्यात आलं. काम संपलं की पुढचं बोलावणं येईपर्यंत घरातली माणसं तिच्याशी जास्तच गोड बोलायची. अठ्ठावन्न साली तय्यबाच्या धाकट्याच्या वेळी नसरुद्दीननं दोह्याला बोलावलं. तय्यबाला दोन महिने ताप राहिला, मग पोराचे दात आले, मग गोवर. ती राहिली.

कुणाला वाटेल, अशी बाई कुढत असेल. ताहेरुन्निसा कुढत नव्हती. तिला खायला आवडायचं, खिलवायला आवडायचं, आणि माणसांच्या गमती तिला पटकन दिसायच्या. एकदा रागाच्या भरात तय्यबा म्हणाली होती, “आपा, तुम्ही म्हणजे प्रत्येक घराच्या मागे लागलेलं शेपूट.” त्यावरही ती हसली होती. पण त्या दिवशी तिनं भाकऱ्या जरा जाड थापल्या.

वली उस्ताची ओळख झाली ती नानखटाईमुळे. ईदेला कोकणातल्या बायका घरी नानखटाया वळतात आणि ताटं पाववाल्याच्या भट्टीत नेऊन देतात. ती रीत तिनं दोह्यातही सोडली नाही. पहिल्या ईदेला वली उस्तानं ताटं सरळ धगधगत्या भट्टीत सारली आणि नानखटायांचा कोळसा झाला. ती चिडली. त्याला मराठी येत नव्हतं, हिला तुर्की; दोघांची अरबी मोडकी आणि हिंदी त्याहून मोडकी. तिनं एक काळी नानखटाई उचलून त्याच्या हातावर ठेवली आणि खूण केली: खा. त्यानं खाल्ली. सगळी. मग दुसरी उचलली.

दुसऱ्या दिवशी पाव निघाल्यावर त्यानं निखारे ओढून काढले, भट्टीला निवू दिलं, आत पाण्याचा शिंतोडा मारून कानानं अंदाज घेतला आणि मग मान हलवली. नानखटाया पांढऱ्याशुभ्र फुलून आल्या. तेव्हापासून तिची ताटं नेहमी शेवटी, निवत्या भट्टीत जायची. आणि निवायला वेळ लागायचा, म्हणून बसावं लागायचं. बसायची जागा नफिसाच्या शेजारी, भिंतीच्या सावलीत.

नफिसा त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, जाडजूड, दाढेत कायम लवंग. दोघं तुर्कस्तानातल्या अंतेप गावची. भाऊ भट्ट्या लावत बसऱ्याला आला, कुवेतला आला, तेलाच्या माणसांना पाव हवा म्हणून दोह्याला आला. त्याची बायको बसऱ्यालाच वारली, तेव्हापासून नफिसा त्याच्यामागून. “मीही तुझ्यासारखीच,” ती म्हणायची, “भावाच्या गाठोड्यातली.”

तिनं ताहेरुन्निसाला तुर्की शिकवायला घेतली ती वेळ जावा म्हणून. हाताशी पहिलं आलं ते मिठाचं भांडं. तिनं बोटावर मीठ घेतलं. “तूझ.” कालवणाची वाटी पुढे करून तोंड वाकडं केलं, “तूझलू.” खारट. दुसऱ्या वाटीला, “तूझसूझ.” अळणी. आणि मिठाचं भांडं वाजवून, “तूझलूक.”

ताहेरुन्निसा बघतच राहिली. आपल्याकडे मीठ, खारट आणि अळणी. तिघं एका घरातले, पण तिघांची तोंडं तीन दिशांना. कुणी सांगितल्याशिवाय नातं कळायचं नाही. इथे तर मीठ जसंच्या तसं बसलेलं आणि मागे फक्त शेपूट बदलतंय. लू लावलं, आहे. सूझ लावलं, नाही. लूक लावलं, ठेवायची जागा झाली.

मग तिला चेवच आला. डोळा म्हणजे गोझ. गोझलुक म्हणजे चष्मा. चष्मे विकणारा गोझलुकचू. आणि त्याचा धंदा गोझलुकचुलुक! “अगो बाई, आगगाडीच ही,” ती म्हणाली, “डब्याला डबा!” पण कुठूनही तोडलं तरी आत डोळा सापडत होता. हा ‘चू’, म्हणजे एरवीचा ‘ची’, तर तिला घरचाच वाटला; मशालची, खजानची आपल्याकडे कुठून आले ते तिला तेव्हा कळलं. घरी येऊन तिनं पोरांना सांगितलं की वली उस्ताच्या भाषेत पावाला एकमेक म्हणतात आणि पाववाल्याला एकमेकची. पोरं हसून लोळली. जेवताना “एकमेक वाढ” सुरू झालं. तय्यबानं कपाळावर हात मारला. “या वयात तुर्की शिकून कुठल्या सुलतानाच्या महालात जायचंय, आपा?”

शेपटीची आणखी एक गंमत नफिसानं सांगितली. शेपूट तेच, पण शब्द बघून तोंड बदलतं. मिठामागे आलं की लू म्हणतं, घरामागे आलं की ली. समोरच्याचा सूर बघायचा आणि आपला त्यात मिळवायचा.

“म्हणजे शेपटीला सासुरवास!” ताहेरुन्निसा म्हणाली. “ज्या घरात जाईल तसा गळा काढायचा.”

हे हातवारे करून समजावून सांगायला वेळ लागला. समजलं तेव्हा नफिसाच्या तोंडातली लवंग उडाली. भट्टीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या वली उस्ताचे खांदेही हलले, म्हणजे तो ऐकत होता. मग तो मागे न बघता एवढंच बोलला, की खरं आहे, गळा बदलतो. पण शब्दाचा अर्थ शेवटी तीच ठरवते. तिच्याशिवाय मीठ नुसतं मीठ.

त्या दिवशी ती नानखटायांचं एक ताट भट्टीपाशीच विसरली.

घराला एव म्हणतात हे कळल्यावर शब्द तिनं स्वतःच बनवले. एवसिझ: बिनघराचा. नफिसानं मान डोलावली, बरोबर. एवली: घर असलेला. तेही बरोबर, पण नफिसा गालात हसली. आमच्याकडे लग्न झालेल्याला एवली म्हणतात, ती म्हणाली. पुरुषालाही तेच, बाईलाही तेच.

ताहेरुन्निसा विचारात पडली. “आमच्यातही घरवाला, घरवाली म्हणतात,” ती म्हणाली. “पण घर त्याचं असतं, आणि घरवालीही त्याचीच असते.”

“तू एवली होतीस ना?”

“लग्न झालं होतं,” ताहेरुन्निसा म्हणाली. “घराचं मला आठवत नाही.”

वली उस्ता दोह्याजवळच्या अल वक्र्याला नवीन भट्टी बांधत होता. तिथल्या कोळ्यांना पहाटे होडीवर न्यायला पाव लागायचा आणि जवळपास कुणी करत नव्हतं. भट्टीच्या मागे दोन खोल्या, पुढे अंगण, समुद्र हाकेच्या अंतरावर. एकदा त्यानं येऊन तिलाच विचारलं, चूल कुठल्या बाजूला असावी? खिडकी किती उंच? तिनं सांगितलं, वारा येतो त्या बाजूला नको, धूर आत येईल. आणि खिडकी एवढी खाली असू दे की भाकरी थापताना बसल्या जागेवरून बाहेर दिसेल. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी चुलीची जागा विचारली होती. आजवर ती प्रत्येक घरात आधीच ठरलेल्या चुलीपुढे बसली होती. थोड्या दिवसांनी नफिसानं सांगितलं, चूल तू म्हणालीस तशी घातलीय. आता चुलीपुढे बसणार कोण, ते माझा भाऊ विचारतोय.

ताहेरुन्निसाचे कान तापले. “त्यांनी येऊन माझ्या भावाला विचारावं,” ती म्हणाली. “आमच्याकडे भावाला विचारतात.”

“आणि तुला?”

“मला कधी कुणी विचारत नाही, नफिसा आबला,” ती म्हणाली; तुर्कीत थोरल्या बहिणीला आबला म्हणतात. “ तुमच्याकडे मुलीला विचारतात?”

“तोंडानं नाही,” नफिसा म्हणाली, आणि मग तिनं कॉफीचं सांगितलं. त्यांच्या गल्लीत मागणी घालायला आले की मुलगी स्वतः कॉफी करते. सगळ्यांना गोड. माणूस पसंत नसेल तर त्यालाही सगळ्यांसारखीच गोड. पाहुणा म्हणून आलास, पाहुणा म्हणून जा. पण मनात भरला असेल तर त्याच्या कपात मीठ. तोंड वाकडं न करता शेवटच्या घोटापर्यंत प्याला, तर समजायचं, पुढे जे वाट्याला येईल तेही पिईल. नफिसानं तिला लांब दांड्याचं पितळी भांडं दिलं. “काय घालायचं ते तुझं तू ठरव. मी विचारणार नाही. तोही विचारणार नाही.”

आज दुपारी ते भांडं चुलीवर चढलं. बाहेरच्या खोलीत नसरुद्दीन हिंदीत चौकशी करत होता, चौकशीचा सूर असा की साहेबानं उमेदवाराला उभं केलंय.

“तुमचं गाव दाभोळपासून फार लांब आहे.”

“दोहा दोन्हीपासून लांब आहे, भाई,” वली उस्ता म्हणाला. “तरी आपण दोघं इथे आलो.”

नफिसा डोक्याच्या रुमालाआड खोकली. ताहेरुन्निसा आत ऐकत उभी होती. तिनं साखरेच्या डब्यात चमचा घातला, तीन कप झाले. चौथ्या कपाशी तिचा हात थांबला. भीती वाटली नाही; जरा गंमतच वाटली, की एवढं सोपं होतं, आणि इतकी वर्षं आपल्या हातात चमचा होता. मग तिनं मिठाची बरणी ओढली. चिमूट घ्यायची की चमचा? भावांची घरं आठवली, बोटी आठवल्या, पलंगाखालची ट्रंक आठवली. तिनं चमचा घेतला.

वली उस्तानं पहिला घोट घेतला. मिशी थरथरली. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, पण चेहरा असा उजळला की जणू कपात मध होता. दुसरा घोट, तिसरा. तळाच्या गाळापर्यंत तो प्याला, कप नीट बशीवर ठेवला आणि म्हणाला, “एलिनिझे साऽलिक.” तुमच्या हातांना आरोग्य लाभो. शब्दाच्या टोकाला लिक ऐकलं तसं तिला हसूच आलं. मिठाच्या भांड्याच्या मागे लागणारं तेच शेपूट, सूर बदलून आरोग्यामागे येऊन बसलं होतं. आणि मग, नसरुद्दीनच्या आणि तय्यबाच्या देखत, त्यानं आणखी एक कप मागितला.

“वेडाच दिसतो,” पाहुणे गेल्यावर नसरुद्दीन म्हणाला होता. तय्यबानं भांडी गोळा करता करता उष्ट्या कपात बोट घालून चाखलं, आणि तिथून हे भांडण पेटलं होतं.

ते अजून चालूच होतं.

“बोटीचं मी बोललोय म्हटलं ना!” नसरुद्दीन ओरडत होता. “आणि तिनं स्वतःच नकार दिलाय, आता तुझी वकिली कशाला?”

“नकार दिला म्हणून काय बोटीत घालाल? त्या काय माल आहेत?”

“माझी बहीण आहे!”

“तीच तर म्हणतेय मी! बहीण आहे, खलाशी नाही, बोलावलं की चढली!”

ताहेरुन्निसानं भावजयीकडे पाहिलं. सहा वर्षं जिच्याशी एका चुलीवर कुरबुर केली ती आज तिच्यासाठी नवऱ्याच्या अंगावर जात होती, आणि चुकीच्या समजुतीवर जात होती. आता मात्र तिला राहवलं नाही. तिनं हामूरचे तुकडे परातीत घातले, हात धुतले, पुसले, आणि हळद चोळायला घेतली.

“तय्यबा, बरणी दे गो इकडे.”

“कसली बरणी?”

“मिठाची. ओट्यावर, तेलाच्या मागे. आता लक्षात ठेव, परत विचारायला मी नसेन.”

तय्यबा बरणी घेऊन आली.

“नसशील म्हणजे?” नसरुद्दीन म्हणाला. “म्हणजे तू बोटीला तयार आहेस ना, आपा?”

“नसरू, त्यांच्यात ज्याला हो म्हणायचं त्याच्याच कपात मीठ घालतात. नको असता तर तुझ्यासारखी गोड कॉफी दिली असती.”

तय्यबा तोंडावर पदर धरून मटकन खाली बसली आणि हसायला लागली. “आणि तो... आणि तो दुसरा कप मागत होता! तरीच!”

“दुसऱ्यातही घातलं होतं,” ताहेरुन्निसा म्हणाली.

“पण मला कुणी विचारलं का?” नसरुद्दीनचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मी हो म्हटलं नव्हतं.”

“नाही. तू नाही म्हटलंस, ते मी ऐकलं. तय्यबानं हो म्हटलं, तेही ऐकलं. तुमचं दोघांचं झालं ना बोलून?” तिनं माशाचा शेवटचा तुकडा उलटा केला आणि परातीवर ताट झाकलं. “मग ऐका. पुढच्या शुक्रवारी जुम्म्यानंतर माझा वली उस्ताशी निकाह आहे. त्याच दिवशी मी वक्र्याला राहायला जाणार. बोटीवर मी चढणार नाही, आणि मजीदच्या सुनेचं बाळंतपण मजीदची बायको करेल.”